जास्वंदीच्या शेजारी काय लावायचं?

इंदूरच्या रामबागेतून किंवा लोकमान्य नगरातून सकाळी एक चक्कर मारली, की फाटकाशी जास्वंद दिसतेच. बहुतेक ठिकाणी तांबडी, एकेरी पाकळ्यांची, गणपतीला वाहायची. ती एकदा मुरली की वर्षानुवर्षं जागची हलत नाही. प्रश्न असतो तिच्या भोवतालच्या उघड्या जागेचा. नर्सरीत त्या दिवशी जे फुललेलं असेल ते आपण उचलतो: हिवाळ्यात पिटुनिया, उन्हाळ्यात बोगनवेल, पावसाळ्यात सदाफुली. दोन महिन्यांत त्यातलं एखादं मरतं. नाहीतर ते जोमात वाढतं आणि इकडे जास्वंदीच्या कळ्या गळायला लागतात. मग कोणी मातीला नावं ठेवतो, कोणी म्हणतो नजर लागली.

शेजारचं झाड निवडताना लोक आधी रंग बघतात. माझ्या मते रंग सगळ्यात शेवटी बघावा. आधी दोन गोष्टी तपासाव्यात: सवयी सारख्या आहेत का, आणि शत्रू वेगळे आहेत का. सवयी म्हणजे ऊन आणि पाणी. शत्रू म्हणजे कीड, बुरशी आणि मुळांना लागणारे सूत्रकृमी, मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत. नर्सरीवाला पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर देतो, "उन्हातलं झाड आहे, लावा बिनधास्त". दुसऱ्याबद्दल तो बोलत नाही, कारण आपण विचारत नाही.

जास्वंद काय मागते

दिवसाला किमान पाच-सहा तास थेट ऊन. त्याहून कमी मिळालं तर झाड उंच होतं, हिरवंगार दिसतं आणि फुलत नाही. फूल नव्या फुटव्यावर येतं, म्हणून फुटवे येत राहायला हवेत, आणि त्यासाठी पाणी-खत नियमित हवं. साधं एकेरी फूल एका दिवसाचं असतं. रोज नवी फुलं द्यायची तर झाडाचा रोजचा खर्च मोठा असतो, म्हणून पाण्याची ओढ बसली की ते पहिल्यांदा कळ्या टाकून देतं. मुळांशी ओल हवी पण पाणी साचता कामा नये. शेतकरी ज्याला वापसा म्हणतात, तशी जमीन तिला मानवते. माती किंचित आम्लाकडे झुकलेली असेल तर उत्तम.

माळव्यात यातलं ऊन तेवढं फुकट मिळतं. माती आपली काळी, भारी, चिकण. तिच्यातलं खनिज पाण्याने फुगतं आणि सुकलं की आकसतं. पाऊस जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये जमीन चिबडते आणि मुळांना हवा मिळत नाही. एप्रिल-मेमध्ये तीच जमीन बोटं घुसतील इतकी भेगाळते, आणि भेग पडताना बारीक मुळंही तुटतात. शिवाय मातीत चुन्याचा अंश असतो, सामू (पीएच) बऱ्याच ठिकाणी साडेसात ते साडेआठच्या घरात. अशा मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. जास्वंदीची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

तेव्हा शेजारी असा हवा, जो या मातीत स्वतः टिकेल, जमीन झाकून ठेवेल आणि जास्वंदीच्या पाण्यावर डल्ला मारणार नाही. अनंत, हायड्रेंजिया अशी आम्ल मातीतली झाडं इथेच बाद होतात. जास्वंद निदान पिवळी पडून फुलते, ती तेवढंही करत नाहीत.

ऊन कुठून येतं

"उन्हातलं झाड" असं म्हटलं की काम झालं असं वाटतं, पण ऊन वर्षभर एका बाजूने येत नाही. इंदूर साधारण 22.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि कर्कवृत्त उज्जैनच्या थोडं वरून जातं. त्यामुळे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, झाडाची सावली बुंध्यातच पडते. डिसेंबरच्या शेवटी मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि क्षितिजापासून जेमतेम 44 अंश वर येतो. इतक्या कोनात सावली जवळजवळ झाडाच्या उंचीएवढी पडते. पाच फुटी जास्वंदीची दुपारची सावली उत्तरेला पाच फूट, सात फुटी कुंपणभिंतीची सात फूट.

यावरून जागा ठरते. बुटकी झाडं जास्वंदीच्या दक्षिणेला, उंच झाडं उत्तरेला किंवा पश्चिमेला. हिवाळी फुलं उत्तरेला लावली तर त्यांना नेमकं हिवाळ्यातच ऊन मिळत नाही. आणि मग बी खराब होतं म्हणून दुकानदाराला बोलणी बसतात. पश्चिमेच्या उंच झाडाचा आणखी एक उपयोग आहे. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो तेव्हा दुपारनंतर पश्चिमेकडून कोरडी, भाजणारी लू येते. जास्वंदीला उन्हाचा तेवढा त्रास नसतो, या वाऱ्याचा असतो. पश्चिमेला तीन-चार फुटी दाट झुडूप असलं की वारा अडतो आणि ऊन फारसं अडत नाही.

पाणी: इथेच बहुतेक जोड्या फिसकटतात

एका आळ्यातली झाडं म्हणजे वाड्यातले एका नळावरचे भाडेकरू. नळ किती वेळ सोडायचा हे एकासाठी वेगळं, दुसऱ्यासाठी वेगळं ठरवता येत नाही.

बोगनवेल घ्या. ऊन तिला जास्वंदीपेक्षाही जास्त आवडतं, दोघींचे रंग एकत्र दिसतातही सुरेख. पण बोगनवेलीला थोडा ताण बसला की ती बहरते, पाणी भरपूर मिळालं की नुसती पानं आणि काटे. जास्वंदीच्या हिशेबाने पाणी घातलं तर बोगनवेल फुलत नाही, बोगनवेलीच्या हिशेबाने घातलं तर जास्वंद कळ्या गाळते. दोघींना वेगळ्या कोपऱ्यात ठेवा, दोघीही खूश राहतील. अडेनियम आणि कोरफड यांचंही हेच. सदाफुली मधली. ऊन सोसते, थोडं पाणीही चालतं, पण काळ्या मातीत सतत ओल राहिली की तिचं खोड जमिनीलगत काळं पडून कुजतं. ती आळ्यात लावायची नाही. आळ्याबाहेरच्या उंचवट्यावर लावली तर छान टिकते.

दुसऱ्या टोकाला कर्दळ. तिला पाणी आणि खत दोन्ही पोटभर लागतं आणि तिचे कंद पसरत जातात. न्हाणीघराच्या सांडपाण्याची जागा तिचीच आहे, ती तिथेच राहू द्यावी.

आपल्याकडे नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर पंप करून आणतात आणि बऱ्याच वस्त्यांत ते एक दिवसाआड येतं. जमिनीत मुरलेली, तीन-चार फुटांची जास्वंद एक दिवसाआड खोल पाण्यावर मजेत राहते, फक्त वरची माती झाकलेली हवी. मग शेजारीही एक दिवसाआड भागवणाराच निवडा. रोज शिंतोडे मागणारी हिरवळ थेट बुंध्यापर्यंत आणली की जास्वंदीची मुळं वरच्याच दोन इंचांत रेंगाळतात, आणि उन्हाळ्यात पाणी चुकलं की पहिला फटका तिला बसतो.

हिवाळ्यातली अडचण वेगळी. माळव्याच्या रात्री उन्हाळ्यात कितीही सुखाच्या असल्या तरी जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो, आणि जास्वंद गारठून जवळपास थांबते. तेव्हा तिला पाणी फार कमी लागतं. नेमके तेव्हाच पिटुनिया, अलिसम, कोथिंबीर रोज थोडं थोडं पाणी मागतात. हे सगळं बुंध्याशी असेल तर थंड, ओल्या चिखलात जास्वंदीची मुळं बसून राहतात आणि पानं पिवळी होऊन गळतात. हिवाळी रोपं जास्वंदीच्या फांद्यांच्या घेराबाहेर लावली की हा प्रश्न येत नाही.

एकाच कुळातले नकोत

आता शत्रूंकडे वळू. बागेच्या गप्पांत हा भाग सहसा राहून जातो.

जास्वंद, भेंडी, अंबाडी, कापूस आणि हिवाळ्यात बंगल्यांच्या भिंतीशी उंच उभा राहणारा हॉलीहॉक, ज्याला इथे गुलखैरा म्हणतात, हे सगळे एका कुळातले. परसात भेंडीची दोन-चार रोपं लावायची तर जास्वंदीशेजारची मोकळी जागा आयती सापडते, आणि गुलखैराही शोभेसाठी तिथेच जातो. पण कापसावर जे जे येतं त्यातलं बरंचसं भेंडीवर आणि जास्वंदीवर येतं: मावा, पांढरी माशी, तुडतुडे, आणि सगळ्यात चिवट म्हणजे मिलीबग, आपला पिठ्या ढेकूण. एक परदेशी मिलीबग 2005 नंतरच्या दोन-तीन वर्षांत गुजरात-पंजाबच्या कापसात पसरला तेव्हा तो जास्वंदीवरही सर्रास दिसायला लागला. वांगं, टोमॅटो, पोर्टुलाका आणि रिकाम्या प्लॉटमधलं गाजरगवत यांवरही तो राहतो. म्हणून शेजारच्या प्लॉटमधलं गाजरगवत फुलण्याआधी उपटणं हे जास्वंदीसाठी कुठल्याही नव्या रोपापेक्षा जास्त मोलाचं काम आहे. उपटताना हातमोजे घाला, त्याने कातडीला खाज सुटते.

कापसाच्या शेतात भेंडी मुद्दाम सापळा पीक म्हणून लावतात, मग घरी का नको, असं कोणी विचारेल. शेतकरी त्या भेंडीवर लक्ष ठेवतो आणि कीड जमली की ती झाडं काढून टाकतो. आपण भेंडी भाजीसाठी लावतो, उपटणं जिवावर येतं, आणि सापळ्यात जमलेली कीड तिथेच वाढून जास्वंदीवर सरकते.

लाल-काळे ढेकूण जोडीजोडीने फिरताना दिसले की मात्र घाबरायचं कारण नाही. ते या कुळाच्या बियांवर जगतात, म्हणून वाळलेल्या भेंड्या, गुलखैऱ्याची बोंडं किंवा काटेसावरीखालचं बी जिथे पडलेलं असतं तिथे गोळा होतात. आपल्या जास्वंदीला बी क्वचितच धरतं. ते ढेकूण दिसायला भयंकर, पण तिचं फारसं बिघडवत नाहीत.

वेगळ्या कुळातलं झाड लावलं म्हणजे मिलीबगपासून सुटका झाली असंही नाही. हा किडा शंभरावर वनस्पतींवर नोंदला गेला आहे. पण आवडीचं खाणं शेजारी दाटीने असणं आणि अधूनमधून एखादं नावडतं झाड असणं, यात कीड पसरण्याच्या वेगाचा फरक पडतो. तेवढा फरक आपल्या बाजूच्या किड्यांना पुरतो.

आपल्या बाजूचे किडे

मिलीबगच्या अंगात अंडी घालणारी एक अगदी बारीक गांधीलमाशी असते, दीड-दोन मिलिमीटरची, माणसाला न चावणारी. तिची अळी मिलीबगला आतून खाते आणि मागे तपकिरी, कडक टरफल उरतं. फांदीवर पांढऱ्या कापसात अशी तपकिरी टरफलं दिसली तर समजा की काम सुरू झालं आहे, आणि ती फांदी घाईने कापू नका, जोराच्या फवाऱ्याने धुऊही नका. माव्यासाठी ढालकिडे (लेडीबर्ड) आणि फुलांवर घिरट्या घालणाऱ्या सिर्फिड माश्यांच्या अळ्या आहेत.

या मंडळींची पिल्लं किडे खातात, पण वाढ झालेली गांधीलमाशी आणि सिर्फिड माशी मधावर जगते. त्यांची तोंडं आखूड. जास्वंदीचं फूल खोल आणि मोठं, सूर्यपक्ष्याच्या सोयीचं. या बारक्यांना ते फारसं उपयोगाचं नाही. त्यांना बारीक, उघडी फुलं लागतात: कोथिंबीर, शेपू, बडीशेप, तुळस, सब्जा. म्हणून ऑक्टोबरच्या अखेरीला फेकलेल्या धण्यांतली निम्मी कोथिंबीर पोह्यांवर गेली तरी निम्मी राहू द्यावी. ती फेब्रुवारीत पांढऱ्या छत्र्यांनी फुलते, आणि थंडी ओसरून जास्वंदीच्या नव्या फुटव्यांवर मावा चढायची वेळही तीच असते. त्या छत्र्यांवर सकाळी दहाच्या सुमारास दोन मिनिटं नजर ठेवलीत तर किती जातींचे बारीक किडे येतात ते दिसेल. सब्जाचा कालावधी मोठा, पावसाळ्यापासून थंडीपर्यंत. तुळशीच्या मंजिऱ्या आपण वाढीसाठी खुडतो, म्हणून या कामाला सब्जा बरा.

चवळीची गोष्ट याहून मजेची. चवळीवर काळा मावा हमखास येतो, पण तो मुख्यतः शेंगवर्गीय झाडांवर राहणारा. जास्वंदीवरचा मावा वेगळ्या जातीचा. चवळीवर मावा आला की त्याच्यामागे ढालकिडे येतात, तिथे अंडी घालतात, आणि मग शेजारी खाणं शोधतात. कापसाच्या शेतात चवळीची ओळ लावण्याची शिफारस असते ती यासाठीच. शिवाय चवळी जमीन झाकते आणि मुळांवरच्या गाठींतून नत्राची सोय करते. तिच्यावरचा काळा मावा बघून फवारा काढला, तर हा सगळा खटाटोप वाया जातो.

यात एक मोठी आडकाठी म्हणजे मुंग्या. मिलीबग आणि मावा गोड चिकट पाणी सोडतात, मुंग्या ते पितात आणि बदल्यात गांधीलमाश्यांना, ढालकिड्यांना हाकलतात. मुंग्यांची रांग चालू असेपर्यंत कुठल्याही साथीदार रोपाचा उपयोग होत नाही. खोडाभोवती कागदी चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस किंवा व्हॅसलिनचा जाड थर द्या, थेट सालीवर लावू नका. आणि शेजारचं झाड जास्वंदीच्या फांदीला टेकणार नाही इतकं लांब ठेवा. एक जरी फांदी टेकली तरी मुंग्यांना पूल मिळतो आणि पट्टी निरुपयोगी ठरते. दोन झाडांत मोकळी फट ठेवायची, त्यामागचं सगळ्यात व्यवहारी कारण मला हेच वाटतं.

आंतरप्रवाही कीटकनाशक मातीत घालण्याचा सल्ला सहज मिळतो. ते मुळांतून सगळ्या झाडात भिनतं, फुलाच्या मधातही जातं, आणि आपण ज्यांना बोलावलं तेच आधी मरतात. फुलं देवाला वाहून प्रसादाबरोबर घरात फिरत असतील, पाकळ्यांचा चहा किंवा केसांचं तेल होत असेल, तर तो विचारच नको.

झेंडूबद्दल थोडं कडक बोलायला हवं. "झेंडू लावा, कीड पळते" हे वाक्य फार सैल वापरलं जातं. झेंडूच्या मुळांत सूत्रकृमींना मारक द्रव्य असतं हे खरं. पण त्याचा उपयोग दिसतो तो पूर्ण वाफ्यात दाट झेंडू दोन-तीन महिने वाढवून मग तिथे दुसरं पीक घेतल्यावर. बुंध्याशी दोन रोपं खोचून तो फायदा मिळत नाही. उन्हाळ्यात झेंडूवर लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड, जोरात येतो, आणि तो जास्वंदीवर सहज जातो. दसऱ्याचा झेंडू हौसेने लावा, पण दिवाळीनंतर वाळायला लागला की काढून टाका.

मातीच्या आत

जास्वंदीची कामाची बहुतेक मुळं वरच्या फूट-दीड फुटात असतात आणि फांद्यांच्या घेराएवढी पसरतात. बुंध्याभोवती फूट-सव्वा फूट काहीही लावू नये. तिथे पालापाचोळ्याचं तीन इंची आच्छादन हवं, खोडाला न टेकलेलं. शेजारी या वर्तुळाबाहेर, आणि तेही उथळ मुळांचे किंवा कंदांचे, म्हणजे ते लावताना खोल खणावं लागत नाही. जुन्या झाडाजवळ कुदळ चालवली की तुटलेल्या मुळांची भरपाई व्हायला पुरा मोसम जातो.

आणि काळ्या मातीला कंपोस्ट. इंदूरकरांना हे बाहेरून शिकायची गरज नाही. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत काम केलं. होळकर संस्थानाच्या जमिनीवरची ही संस्था मुख्यतः कापसाच्या संशोधनासाठी होती, आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. यशवंत वाड हे त्यांचे सहकारी. शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ठरावीक अंतराने उलटून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची त्यांची रीत जगभर "इंदूर पद्धत" म्हणून गेली. कापसाच्या आणि तुरीच्या कडक पळकाट्या ते आधी शेतरस्त्यावर पसरत, बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या चेचल्या की मग ढिगात घालत. 1935 साली गांधीजी इंदूरला आले तेव्हा त्यांनीही हे खताचं काम पाहिलं होतं. घरी इतका व्याप लागत नाही, पण तत्त्व तेच: कोरडा पाला, ओला कचरा, थोडं शेण, थोडी माती, आणि अधूनमधून उलटणं. वर्षातून दोनदा, पावसाच्या तोंडावर आणि छाटणीनंतर, दोन घमेली कंपोस्ट वरून पसरलं की भेगा कमी पडतात आणि पाणी मुरतं.

इथे गवती चहाबद्दल सांगायला हवं. गवतवर्गातली झाडं मुळांतून एक द्रव्य सोडतात जे चुनखडीच्या मातीतलं अडकलेलं लोह सोडवून आणतं. चीनमधल्या प्रयोगांत अशा मातीत भुईमुगाशेजारी मका लावल्यावर भुईमुगाचा पिवळेपणा कमी झालेला दिसला. भुईमुगाची गोष्ट जास्वंदीला जशीच्या तशी लावू नये, पिवळ्या पानांना चिलेटेड लोह, म्हणजे अशा मातीतही मुळांना घेता येईल असं लोहखत, द्यावंच. पण काळ्या मातीत गवती चहा जसा तजेलदार राहतो त्याचं कारण यात आहे. तो लावला की डास पळतात असंही ऐकू येतं. पात चुरडल्याशिवाय तिच्यातलं तेल बाहेर पडत नाही. नुसता उभा असलेला गवती चहा डासांना काही करत नाही, चहाला मात्र करतो.

मग लावायचं काय

फाटकाशी एक तांबडी जास्वंद, आजूबाजूला सहा-सात फूट जागा, पूर्ण ऊन, एक दिवसाआड पाणी, असं धरून मी निवड करेन ती अशी.

पश्चिमेला, बुंध्यापासून तीन फुटांवर गवती चहाचं एक बेट. वारा अडवतो, झुपकेदार मुळांनी भेगाळ माती धरून ठेवतो, आणि कापसाच्या कुळातल्या किडींना त्याच्यात रस नाही. दर पावसाळ्याच्या सुरुवातीला निम्मं बेट खणून शेजाऱ्यांना वाटा, नाहीतर तो हातपाय पसरतो.

उत्तरेला किंवा ईशान्येला, साडेतीन-चार फुटांवर प्लंबॅगो, फिक्या निळ्या फुलांचा. मला विचाराल तर जास्वंदीचा सगळ्यात चांगला शेजारी हाच. ऊन आणि पाण्याच्या सवयी जुळतात, हाही नव्या फुटव्यावर फुलतो, छाटणी सोसतो, आणि किडींचा त्रास याला फार कमी. एक छोटं पट्टेरी फुलपाखरू याच्या कळ्यांवर अंडी घालतं आणि अळ्या थोडी फुलं खातात, तेवढं खाऊ द्यावं. तांबड्याशेजारी फिका निळा दिसतोही सुंदर. रंगाचा विचार शेवटी करायचा तो असा. उत्तरेकडच्या सावलीमुळे हिवाळ्यात तो कमी फुलेल, पण त्या दिवसांत जास्वंदही गप्पच असते.

दक्षिणेच्या कडेला, आळ्याच्या बांधावर, रेन लिली. मुठीत मावतील इतके छोटे कांदे, दोन-तीन इंच खोल, चार इंचांवर एक. पहिल्या मोठ्या पावसानंतर काही दिवसांतच गुलाबी-पांढरी फुलं येतात आणि पाऊस संपेपर्यंत थांबून थांबून येत राहतात. बाकी वर्षभर गवतासारखी पाती जमीन झाकतात. निशिगंधही इथे लावावासा वाटतो, वासासाठी. पण त्याचे कंद चिबडात कुजतात आणि मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी त्याला लवकर लागतात. तो वेगळ्या उंच वाफ्यात किंवा कुंडीत बरा.

मधल्या रिकाम्या जागेत ऋतूप्रमाणे: जूनमध्ये चवळी आणि सब्जा, ऑक्टोबरअखेर कोथिंबीर-शेपू, तेही घेराबाहेर आणि दक्षिणेला. मार्चनंतर ही जागा रिकामीच ठेवून पाल्याने झाकावी. भर उन्हाळ्यात नवं रोप लावून त्याला जगवण्यात जे पाणी जातं ते जास्वंदीला दिलेलं बरं.

या चौघा-पाचांत गर्दी होत नाही ना, अशी शंका येईल. पहिल्या वर्षी उलट जागा फार मोकळी वाटेल, आणि ती भरून काढायचा मोह होईल. दुसऱ्या पावसाळ्यानंतर प्लंबॅगो तीन फूट पसरतो, तोवर धीर धरा.

ज्यांच्याकडे फक्त गच्ची आहे त्यांचं गणित निराळं. चौदा-सोळा इंची कुंडीत जास्वंदीला स्वतःलाच माती कमी पडते, तिथे जोडीदार नको. तिच्या शेजारी दुसरी कुंडी ठेवा, सब्जाची किंवा शेपूची. माश्यांना कुंडी एक की दोन याने फरक पडत नाही. मे महिन्यात पश्चिमेच्या उन्हात कुंडीची भिंतच तापते आणि मुळं भाजतात, म्हणून गवती चहाची कुंडी पश्चिमेला ठेवून सावली जास्वंदीच्या कुंडीवर पाडा, पानांवर नको.

छाटणी फेब्रुवारीच्या शेवटी, थंडी गेली की, जास्वंद आणि प्लंबॅगोची एकाच दिवशी. तेव्हाच दोघांमधली फट पुन्हा हातभर मोकळी करून घ्या. छाटलेल्या फांद्यांवर पांढरा कापूस दिसला तर त्या घरच्या खतात घालू नका. घरगुती ढीग सगळीकडे पुरेसा तापत नाही, आणि मिलीबग तिथून पायी परत येतो. पिशवीत बांधून तोंड आवळा, दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा, आणि मग कचऱ्याच्या गाडीत ओल्या कचऱ्यात रिकामी करा.